हायपेशियाचा वध आणि ज्युबिलीचा हिशेब

ज्युबिली म्हटली कीं घंटा, पताका, मिरवणूक व उपकारस्मरण हीं डोळ्यांपुढें उभीं राहतात, आणि तें योग्यच आहे. परंतु जुन्या करारांतील लेवीय पुस्तकाचा पंचविसावा अध्याय जो कोणी लक्षपूर्वक वाचील, त्यास असें दिसून येईल कीं, पन्नासाव्या वर्षाचें तें पवित्र शिंग प्रायश्चित्ताच्या दिवशीं फुंकावयाचें होतें. आधीं प्रायश्चित्त, मग आनंद. आधीं हिशेब, मग मुक्ति, असा हा क्रम आहे. म्हणून आमच्या संतांची व रक्तसाक्ष्यांची कीर्ति सांगणाऱ्या या स्मरणिकेंत एक लेख अशाहि मृत्यूविषयीं असावा असें आम्हांस वाटलें, कीं जो मृत्यु आमच्या लोकांनीं सोसला नाहीं, तर ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांनीं दुसऱ्यावर लादला. ही गोष्ट इ. स. ४१५ सालची, मिसर देशांतील अलेक्झांड्रिया नगरींतील आहे. मरणारी स्त्री ख्रिस्ती नव्हती. मारणारे ख्रिस्ती होते.

अलेक्झांड्रिया कोठें आणि आमचा भीमा-घोड नद्यांचा कांठ कोठें, असें वाचकांपैकीं कोणी विचारील. परंतु हीं दोन्ही स्थळें वाटतात तितकीं एकमेकांस परकीं नाहींत. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत पैठण व तेर येथील माल घाट उतरून कल्याण व सोपारा या बंदरांस जाई, आणि तेथून तांबड्या समुद्राच्या वाटेनें अलेक्झांड्रियाच्या पेठेंत पोंचे. आमच्याच पुणें जिल्ह्यांत, नाणेघाटाच्या वाटेवरील जुन्नरच्या लेण्यांत, इरिल, चिट व चंद या तीन यवनांनीं दिलेल्या दानांचे शिलालेख आहेत. आणि यवन म्हणजे त्या काळीं ग्रीकांच्या देशाकडील लोक. पुढें सहाव्या शतकांत कॉस्मस नांवाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्यानें ‘कल्लियाना’ येथें इराणांतून नेमलेला एक महागुरु असल्याचें लिहून ठेविलें. हें कल्लियाना म्हणजे आपलें कल्याण, असें पुष्कळ विद्वान मानतात. तेव्हां महाराष्ट्रांतील ख्रिस्ती लोकांचा एक अतिशय जुना उल्लेख आपणांस मिळतो तो एका अलेक्झांड्रियाकराच्याच लेखणींतून. त्या नगरीनें आमची आठवण ठेविली. आम्हीहि तिच्या एका कन्येची आठवण ठेवावी हें न्याय्यच होय.

ही नगरी विद्येचें माहेर होती. युक्लिडनें भूमिति आणि टॉलेमीनें ज्योतिष येथेंच मांडलें. तिसऱ्या शतकांत प्लोटायनस नांवाचा महापुरुष येथें शिकला आणि पुढें रोमला जाऊन त्यानें प्लेटोच्या मताला नवें रूप दिलें. सर्व विश्व एका परम ‘एका’पासून निघालें आहे, आणि सदाचार व ध्यान यांनीं शुद्ध झालेला आत्मा पुन्हां त्या एकाकडे परततो, असें त्याचें सांगणें होतें. ज्यांनीं आमच्या इकडील कीर्तनांतून अद्वैताचा विचार ऐकला आहे, त्यांस हें बोलणें अगदींच अनोळखी वाटणार नाहीं. हें तत्त्वज्ञान मूर्तिपूजकांचें खरें. परंतु त्यापासून आमच्या आचार्यांनीं तोंड फिरविलें नाहीं. अलेक्झांड्रियाच्या ख्रिस्ती विद्यालयाचा दुसऱ्या शतकांतील प्रमुख पँटीनस हा आरंभीं स्टोइक मताचा तत्त्वज्ञ होता, आणि तो धर्मप्रचारार्थ हिंदुस्थानापर्यंत गेला असें युसेबियस हा इतिहासकार सांगतो. त्याच्यामागून आलेला क्लेमेंट म्हणे कीं, यहुदी लोकांस जसें नियमशास्त्र तसें ग्रीकांस तत्त्वज्ञान. दोन्ही ख्रिस्ताकडे आणणारे शिक्षकच. संत ऑगस्टिन यांसहि प्लेटोपंथी ग्रंथांनीं सत्याच्या वाटेवर बरेंच पुढें आणिलें, हें त्यांनीं स्वतः कबूल केलें आहे.

परंतु तत्त्वज्ञान आणि ख्रिस्ती धर्म यांची भेट नेहमींच ग्रंथालयांत झाली नाहीं. कधीं ती वधस्तंभापाशींहि झाली. संत जस्टिन हे तत्त्वज्ञाची वस्त्रें अंगावर घेऊन ख्रिस्ताविषयीं शिकवीत. त्यांस रोममध्यें सुमारें १६५ सालीं देहान्त शिक्षा झाली. त्या वेळीं सिंहासनावर मार्कस ऑरेलियस हा स्वतः तत्त्वज्ञ असलेला सम्राट होता, आणि शिक्षा देणारा नगराधिकारी रस्टिकस हा त्या सम्राटाला स्टोइक तत्त्वज्ञानाचे धडे देणारा गुरु होता. एका तत्त्वज्ञाला दुसऱ्या तत्त्वज्ञानें मारिलें! पण जस्टिनच्या प्रश्नाला त्या तरवारीनें उत्तर मिळालें काय? मुळींच नाहीं. जस्टिनचे ग्रंथ उरले, त्यांची ख्रिस्तसभा उरली. आणि रस्टिकसचें नांव आज मुख्यतः या एका खटल्यामुळें आणि आपल्या शिष्याच्या कृतज्ञतेमुळें लोकांस ठाऊक आहे.

पुढें काळ पालटला. ३१३ सालीं ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली आणि त्याच शतकाच्या अखेरीस सम्राट थिओडोसियसनें जुन्या देवांची पूजा कायद्यानें बंद केली. ३९१ च्या सुमारास अलेक्झांड्रियाचें सेरापिसचें भव्य मंदिर पाडण्यांत आलें. ज्यांच्या हातांत काल बेड्या होत्या त्यांच्या हातीं आज सत्ता आली. सोसणाऱ्याची परीक्षा कठीण असते. परंतु ज्याच्या हातीं अधिकार येतो त्याची परीक्षा त्याहूनहि कठीण असते, हें पुढील गोष्टीवरून दिसून येईल.

त्या काळीं थेऑन नांवाचा थोर गणिती अलेक्झांड्रियांत राहत असे. त्याची कन्या हायपेशिया. तिच्या जन्माचें वर्ष निश्चित नाहीं. तें ३५० ते ३७० यांच्या दरम्यानचें मानितात. टॉलेमीच्या ज्योतिषग्रंथावरील आपल्या टीकेच्या तिसऱ्या भागाच्या शीर्षकांत थेऑननें, ही प्रत आपल्या तत्त्वज्ञ कन्येनें पाहून शुद्ध केली आहे, असें लिहिलें. तिनें डायोफँटसच्या अंकगणितावर व अपोलोनियसच्या शंकुच्छेदांवरहि टीका लिहिल्या होत्या, असें जुन्या कोशांत नमूद आहे. बाप आपल्या मुलीचें नांव विद्वान म्हणून ग्रंथाच्या माथ्यावर लिहितो, ही गोष्ट त्या युगांत विरळाच होती. ती अविवाहित राहिली. तत्त्वज्ञाचा झगा अंगावर घेऊन ती नगरींत वावरे, आणि प्लेटो, ॲरिस्टॉटल व प्लोटायनस यांचे विचार शिकवी. दूरदूरच्या प्रांतांतून विद्यार्थी तिच्याकडे येत, आणि त्यांत मूर्तिपूजक व ख्रिस्ती असे दोन्ही असत.

त्या ख्रिस्ती शिष्यांपैकीं एकाची ओळख वाचकांस करून दिलीच पाहिजे. सायरीनीचा सिनेसियस हा तिचा शिष्य. पुढें सुमारें ४१० सालीं लोकांनीं त्यास टॉलेमाइस येथील महागुरुपदासाठीं निवडिलें. त्यानें हायपेशियाला लिहिलेलीं सात पत्रें उपलब्ध आहेत. कधीं तो एक पाणमापक यंत्र करवून पाठविण्याची विनंती करितो, कधीं आपला ग्रंथ प्रसिद्ध करावा कीं न करावा हें विचारतो. मुलगे वारल्यानंतर दुखण्यांत अंथरुणावर पडून लिहिलेल्या एका पत्रांत तो तिला आई, बहीण आणि गुरु अशा तिन्ही नांवांनीं हांक मारितो. एक ख्रिस्ती महागुरु आणि एक मूर्तिपूजक विदुषी यांचा हा गुरुशिष्यसंबंध दोघांपैकीं कोणीहि लपविला नाहीं. सिनेसियस ४१३ च्या सुमारास वारला असावा. आपल्या गुरूचा अंत पाहण्याची वेळ देवानें त्याच्यावर आणली नाहीं.

आतां तो अंत कसा घडला हें पाहूं. वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: या भांडणाचें मूळ तत्त्वज्ञानांत नव्हतें. ४१२ सालीं महागुरु थिओफिलस वारले व त्यांचे पुतणे सिरिल हे मोठ्या चुरशीनंतर त्या आसनावर बसले. प्रांताचा अधिकारी ओरेस्टिस हाहि बाप्तिस्मा घेतलेला ख्रिस्तीच होता. नगरींत कोणाचें चालावें, महागुरूंचें कीं अधिकाऱ्याचें, हा खरा तंटा. नाटकगृहांतील नाचतमाशांसंबंधीं ओरेस्टिसचा हुकूम वाचला जात असतां हायरॅक्स नांवाचा शाळामास्तर मोठमोठ्यानें टाळ्या वाजवूं लागला. तो सिरिल यांचा चाहता होता. यहुदी लोकांनीं ओरड केली कीं हा दंगा पेटवावयास आला आहे. आणि ओरेस्टिसनें त्यास भर सभेंत फटके मारविले. त्यानंतर एके रात्रीं देवालयास आग लागल्याची खोटी हांकाटी करून बाहेर धांवलेल्या ख्रिस्ती लोकांस यहुद्यांपैकीं कांहीं जणांनीं ठार केलें, असें तत्कालीन इतिहासकार सांगतो. त्यावर सिरिल यांनीं जमाव घेऊन त्यांचीं सभास्थानें ताब्यांत घेतलीं व यहुद्यांस नगरींतून हांकून लाविलें. अपराध कांहींचा, शिक्षा सर्वांस!

मग नायट्रियाच्या डोंगरांतून सुमारें पांचशें संन्यासी नगरींत उतरले. त्यांनीं ओरेस्टिसचा रथ अडविला, ‘मूर्तिपूजक’ म्हणून त्याला शिव्या दिल्या. आणि अमोनियस नांवाच्या एका संन्याशानें भिरकावलेला दगड त्याच्या मस्तकाला लागून तो रक्तबंबाळ झाला. अमोनियसला पकडून इतका छळ करण्यांत आला कीं त्यांत तो मेला. सिरिल यांनीं त्याला नवें नांव देऊन रक्तसाक्षी ठरविलें. परंतु नगरींतील समंजस ख्रिस्ती लोकांनीं तें मान्य केलें नाहीं. त्यांचें म्हणणें, हा मनुष्य आपल्या दांडगाईपायीं मेला, ख्रिस्ताला नाकारण्याचा प्रसंग त्याच्यावर आलाच नव्हता. पुढें सिरिल यांनींहि तो विषय हळूहळू सोडून दिला. त्या अनाम समंजस ख्रिस्ती लोकांपुढें आम्ही आदरानें मस्तक लववितों.

पण मनांत पेटलेली आग विझली नाहीं. महागुरु व अधिकारी यांचा समेट होत नव्हता, आणि ओरेस्टिस हा हायपेशियाकडे वरचेवर सल्लामसलतीस जात असे. तेवढ्यावरून अफवा उठली कीं तीच या दोघांचा समेट होऊं देत नाहीं. तिच्यावर ना खटला झाला, ना तिला कोणी कांहीं विचारिलें. ४१५ च्या मार्च महिन्यांत, चाळीस दिवसांच्या उपवासकाळांत, ती घरीं परतत असतां पीटर नांवाच्या एका वाचकाच्या पुढारीपणाखालीं लोक वाटेवर दबा धरून बसले. देवाचें वचन वाचून दाखविणें हें ज्याचें काम, तो हा वाचक! त्यांनीं तिला गाडींतून ओढून सीझेरियम नांवाच्या देवालयांत नेलें, तिचीं वस्त्रें फाडिलीं, खापऱ्यांनीं तिचा जीव घेतला, आणि शरीराचे तुकडे किनारोन नांवाच्या जागीं नेऊन जाळिले. उपासाचे दिवस, देवाचें घर, आणि हातांत खापऱ्या! यापुढें वर्णन करण्याची आमची छाती होत नाहीं.

हा वृत्तांत आम्हांस कोणीं सांगितला? ख्रिस्तसभेच्या शत्रूनें नव्हे. सॉक्रेटिस स्कोलास्टिकस नांवाच्या ख्रिस्ती इतिहासकारानें, या गोष्टीनंतर पंचवीस वर्षांच्या आंतबाहेर, आपल्या ‘ख्रिस्तसभेचा इतिहास’ या ग्रंथाच्या सातव्या भागांत तो लिहून ठेविला. त्यानें हायपेशियाच्या विद्येची व शीलाची स्तुति केली आहे. या कृत्यानें सिरिल यांस व अलेक्झांड्रियाच्या ख्रिस्तसभेस मोठा कलंक लागला असें स्पष्ट म्हटलें आहे. आणि असे वध ख्रिस्ताच्या अनुयायांस सर्वथा न शोभणारे आहेत असा निकाल दिला आहे. उलट, सातव्या शतकांतील निकिऊचा महागुरु योहान यानें तिला जादूटोणा करणारी म्हणून या वधाचें कौतुकच केलें. दोघेहि ख्रिस्तीच. यांपैकीं कोणाच्या पंगतीस बसावयाचें, हें आपलें आपण ठरवावयाचें आहे.

संत सिरिल यांविषयींहि प्रामाणिकपणें बोललें पाहिजे, कारण ४३१ च्या एफेससच्या धर्मसभेंत धन्य मारियेच्या ‘देवमाता’ या पदवीचें रक्षण करणारे ते हेच, आणि १८८२ मध्यें पोप तेरावे लिओ यांनीं ज्यांस आचार्यपद दिलें तेहि हेच. त्यांनीं वधाची आज्ञा दिली असें सॉक्रेटिस म्हणत नाहीं. तो आरोप सुमारें शंभर वर्षांनंतर दमास्कियस या मूर्तिपूजक तत्त्वज्ञानें केला. तथापि ज्या भांडणाच्या धगींत हें कृत्य घडलें, तें भांडण पेटतें ठेवण्यांत सिरिल यांचा हात होता, हें नाकारतां येत नाहीं. पुढच्याच वर्षीं, ४१६ मध्यें, महागुरूंच्या हाताखालीं रुग्णसेवा करणाऱ्या ‘पॅराबालानी’ नांवाच्या पथकाची संख्या पांचशेंवर मर्यादित करून त्यांस सार्वजनिक सभांत व न्यायालयांत जमावानें येण्यास बादशाही कायद्यानें मनाई झाली. नगरींतील दांडगाईची धास्ती दरबारापर्यंत पोंचली होती, असा याचा अर्थ. ख्रिस्तसभा एखाद्यास संत म्हणते, तेव्हां त्याचें प्रत्येक कृत्य पवित्र होतें असें ती म्हणत नाहीं. संत पेत्र यांनीं तीन वेळां गुरूस नाकारलें, हें शुभवर्तमानानेंच लपविलें नाहीं.

दुसऱ्या बाजूनें पसरलेले कांहीं गैरसमजहि दूर केले पाहिजेत. अलेक्झांड्रियाचें जगप्रसिद्ध ग्रंथालय हायपेशियाबरोबर जळालें, हें खरें नव्हे. त्याचा नाश पूर्वींच्या शतकांत होत गेला होता. तिच्याबरोबर ग्रीक विद्याच मेली, हेंहि खरें नव्हे. तिच्यानंतर शंभरांहून अधिक वर्षें त्या नगरींत मूर्तिपूजक आचार्य प्लेटो व ॲरिस्टॉटल शिकवीत राहिले, आणि सहाव्या शतकांत अमोनियस नांवाच्या अशाच एका आचार्यापाशीं योहान फिलोपोनस हा ख्रिस्ती पंडित तयार झाला. परंतु यामुळें वधाचें पाप हलकें होत नाहीं. त्यावरून एवढेंच सिद्ध होतें कीं मारणाऱ्यांच्या हातीं कांहींच लागलें नाहीं.

आमच्या भीमाकांठच्या लोकांस ही गोष्ट वेगळी समजावून सांगण्याचें कारण नाहीं. १६८९ च्या फेब्रुवारींत छत्रपति संभाजी महाराज व कवि कलश यांस कैद करून दौंडच्या बाजूच्या पेडगांवास, म्हणजे बहादुरगडास, औरंगजेबाच्या छावणींत आणिलें. आणि ११ मार्च रोजीं भीमा-इंद्रायणीच्या संगमाकडील तुळापूर-वढूच्या परिसरांत त्यांचा हालहाल करून वध झाला. महाराज केवळ योद्धे नव्हते. ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ त्यांच्या नांवावर आहे. त्यांच्या देहाचे तुकडे वढूच्या गांवकऱ्यांनीं गोळा करून अग्नि दिला, ही परंपरा शिरूर तालुक्यांत घरोघर सांगितली जाते, आणि वढू बुद्रुक येथील समाधीपुढें आजहि लोक नम्र होतात. काळ वेगळा, कारणें वेगळीं. परंतु देहाचे तुकडे केल्यानें माणूस संपत नाहीं, हें आमच्या मातीला पक्कें ठाऊक आहे. अलेक्झांड्रियांत मात्र तुकडे गोळा करणारे गांवकरी पुढें आल्याची नोंद नाहीं. तें काम इतिहासकाराच्या लेखणीनें केलें.

आणखी एक नवल. संत कॅथरिनची मूर्ति वा चित्र आमच्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. हातीं ग्रंथ, बाजूस मोडकें चक्र. अलेक्झांड्रियाच्या या विदुषी कुमारिकेनें पन्नास तत्त्वज्ञांस वादांत जिंकिलें व अखेर धर्मासाठीं प्राण दिले, अशी तिची कथा आहे. ही कथा घडत असतां हायपेशियाची आठवण तींत मिसळली असावी, असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे. तें खरें असेल, तर जिला आमच्या लोकांनीं मारिलें तिच्याच छायेपुढें आमच्या आयाबहिणींनीं मेणबत्त्या लाविल्या!

मग तत्त्वज्ञान ख्रिस्तसभेचें झालें तें कसें? खापऱ्यांनीं नव्हे, वाचनानें, शिकण्यानें आणि वेळ पडल्यास सोसण्यानें. ५२४ च्या सुमारास बोएथियस हा ख्रिस्ती विद्वान थिओडोरिक राजाच्या कैदेंत मरणाची वाट पाहत होता. तेथें त्यानें लिहिलेल्या ग्रंथांत तत्त्वज्ञान हें एका थोर स्त्रीच्या रूपानें त्याच्या उशाशीं येतें आणि त्याला धीर देतें. अलेक्झांड्रियाच्या जमावानें जी स्त्री देवालयांत ओढून मारिली, जणूं तीच शंभर वर्षांनीं एका ख्रिस्ती कैद्याचे अश्रु पुसावयास आली. तो ग्रंथ पुढें हजार वर्षें ख्रिस्ती मठांतून वाचला गेला.

वाचकहो, या इतिहासांत आमच्या शिकण्याजोगी गोष्ट ही कीं जमाव एका दिवसांत तयार होत नाहीं. एकाच्या टाळ्या, दुसऱ्याचे फटके, रात्रींची खोटी हांकाटी, एक दगड, एक खोटा रक्तसाक्षी, एक अफवा, आणि शेवटीं खापऱ्या, अशी ती सांखळी आहे. तिची कोणतीहि एक कडी तोडण्यास एखादा शहाणा माणूस पुरे होता. शिरूर व दौंड येथें आम्ही ख्रिस्ती लोक थोडे आहों, आणि सर्व धर्मांच्या शेजाऱ्यांत राहतों. अफवेनें जमलेला जमाव म्हणजे काय असतें तें या देशांत आजहि ऐकूं येतें. आणि तें ऐकतांना आपण नेहमीं मार खाणाऱ्यांतच असूं, असा ताठा आम्हीं धरूं नये. कानावर आलेली गोष्ट पुढें सांगण्यापूर्वीं विचारून पाहणें, हीहि उपवासकाळांतील एक तपश्चर्याच होय.

२००० सालच्या महाज्युबिलींत, १२ मार्च रोजीं, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारीं, पोप दुसरे जॉन पॉल यांनीं ख्रिस्तसभेच्या लेकरांनीं सत्याच्या नांवाखालीं केलेल्या जुलमांबद्दल देवाची जाहीर क्षमा मागितली. तीच वाट आम्हांसहि मोकळी आहे. मिस्सेच्या एका प्रार्थनेंत, ज्यांची श्रद्धा केवळ देवच जाणतो अशा मृतांचेंहि स्मरण करण्यांत येतें. आमच्या ज्युबिलीच्या मिस्सेंत ते शब्द उच्चारले जातील, तेव्हां थेऑनच्या त्या कन्येची आठवण मनांत धरावी, आणि जिनें आमच्या महागुरूंस विद्या दिली तिच्या आत्म्यास प्रभूनें आपल्या प्रकाशांत ठाव द्यावा, अशी प्रार्थना करावी, ही सर्व बंधुभगिनींस आमची नम्र विनंती आहे.